टेकू

आमच्या चाळीत दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सभा भरते आणि तिच्या विषयपत्रिकेवर 'सार्वजनिक उपद्रव' हा विषय कायमचा असतो. या विषयाखाली आम्ही आजवर फार मोठमोठे प्रश्न धसाला लावले आहेत. पहिल्या मजल्यावरच्या आजी कबुतरांना दाणे घालतात, हा उपद्रव. तिसऱ्या मजल्यावरचा मुलगा पहाटे तबल्याचा रियाज करतो, हा उपद्रव. जिन्याखाली कोणीतरी स्कूटर आडवी लावतो, हा तर महाउपद्रव. (तो मीच.) गेल्या सभेत मोरीच्या पाइपात चहाचा चोथा कोण टाकतो, यावर पावणेदोन तास चर्चा झाली. तेवढ्या वेळात वरचा गिलावा दोनदा पडला. पहिल्यांदा तो अध्यक्षांच्या चहात पडला, तेव्हा दुसरा चहा येईपर्यंत सभा तहकूब झाली. दुसऱ्यांदा तो इतिवृत्ताच्या वहीत पडला. चिटणीसांनी फुंकर मारली आणि पुढे लिहायला घेतले. त्या इतिवृत्तात चोथ्यावर दीड पान आहे. गिलाव्याचा उल्लेख नाही.

मला त्या दिवशी पहिल्यांदाच वाटले की, अहो, सगळ्यांत मोठा उपद्रव म्हणजे ही चाळच, आणि आपण तिच्या पोटात बसून कबुतरांवर ठराव करतोय!

मी बँकेत कारकून आहे. बी.कॉम. झालो तेव्हा विद्यापीठाने मला एकच गोष्ट पक्की शिकवली. ती म्हणजे घसारा. जगातली प्रत्येक वस्तू झिजते आणि शहाण्या माणसाने ती झीज दर वर्षी वहीत मांडून तेवढे पैसे बाजूला ठेवावेत. आमच्या शाखेतल्या लाकडी खुर्चीवरसुद्धा दर वर्षी दहा टक्के घसारा लागतो. खुर्चीचा पाय डुगडुगायला लागला की तिच्यावर कोणी बसू नये म्हणून शिपाई ती उलटी करून टेबलावर ठेवतो. पुढे तिचा फॉर्म भरला जातो, तिघांच्या सह्या होतात आणि खुर्ची रीतसर निवृत्त होते. गिरगावातली आमची चाळ शंभरी ओलांडून गेली. तिच्यावर कोणी एक पैचा घसारा मांडला नाही. बरे, ती उलटी करून टेबलावर ठेवता येत नाही.

चाळीची यात चूक नाही, हे आधीच सांगतो. बांधणारा माणूस शहाणा होता. सागवानी खांब, सागवानी तुळया, त्यांवर वासे आणि मधे विटा. सागवान कोरडे राहिले तर शंभर वर्षे काय, त्याहूनही जास्त टिकते. त्याला एकच वस्तू मारते, ती म्हणजे पाणी. तुळईचे जे टोक भिंतीत शिरलेले असते ते आधी कुजते, कारण ते कोणाला दिसत नाही. बांधणाऱ्याने म्हणूनच नळ आणि संडास मागल्या बाजूला, टोकाला नेऊन ठेवले होते. ते आम्ही खोल्यांत आणले. वर लाद्यांवर लाद्या घातल्या, कारण जुन्या उखडायला मजुरी पडते. पोटमाळे घातले. गॅलरीला खिडक्या लावून तिची खोली केली. आणि पाणी दोनच तास येते म्हणून प्रत्येकाने पाचशे लिटरची टाकी चढवली. हिशेब माझ्या हाडात आहे, म्हणून करून पाहिला. पाचशे लिटर पाणी म्हणजे पाच क्विंटल. बिऱ्हाडे चोवीस. म्हणजे बारा टन. एक हत्ती चार टनांचा धरला तरी आमच्या म्हाताऱ्या चाळीने तीन हत्ती अंगावर घेतले आहेत. आणि आम्हाला आजींची कबुतरे जड झाली!

मग एक दिवस टेकू आला.

सात वर्षांपूर्वी दुसऱ्या मजल्याची एक तुळई वाकली. तेव्हा आमच्या दारासमोर एक लोखंडी खांब उभा करण्यात आला. लावणारा म्हणाला, "तात्पुरता आहे, साहेब." 'तात्पुरता' हा शब्द आपल्याकडे किती टिकाऊ आहे! पहिला आठवडा आम्ही त्याला बिचकून होतो. दुसऱ्या आठवड्यात सौभाग्यवतींनी त्याला दोरी बांधली आणि टॉवेल वाळत घातला. पुढे त्याच्यावर मुलाची उंची मोजायच्या खुणा झाल्या. सत्यनारायणाला चौरंगाचा एक केळीचा खुंट त्यालाच बांधतात. गणपतीत त्याला झिरमिळ्या. परवा घरी आलेल्या पाहुण्यांनी विचारले, "हे काय?" तर मुलगा म्हणाला, "हा आमचा खांब." त्या पोराला त्या खांबाशिवायचे घर आठवत नाही. टेकू नसताना तुळया बिनटेकूच्या उभ्या असतात, ही गोष्ट त्याला ऐकीव माहितीसारखी वाटते.

टेकूपाठोपाठ नोटीस आली. ज्या कचेरीतून ती आली तिचे नाव मी घेत नाही. चाळ पडायच्या आत मला तिथे निदान एकदा जावे लागणार आहे. 'ही इमारत धोकादायक असून राहण्यास अयोग्य आहे' अशी पाटी ठोकायला माणूस आला. त्याने भिंतीत पहिला खिळा मारला आणि पाटीएवढा गिलावा खाली आला. त्याने जागा बदलली. तिथेही तेच. शेवटी त्याने पाटी आमच्या टेकूलाच तारेने बांधली आणि घाम पुसत म्हणाला, "ही एकच वस्तू मजबूत आहे बघा तुमच्याकडे."

मुंबईत धोक्याच्याही प्रती आहेत. तीस वर्षांवरच्या इमारतीची तपासणी करून घ्यावी असा महापालिका कायदाच आहे. त्या तपासणीत तुम्हाला रेल्वेच्या डब्यासारखे अक्षर मिळते. सी-१ म्हणजे रिकामी करून पाडा. सी-२ए म्हणजे काही भाग रिकामा करून दुरुस्त करा. सी-२बी म्हणजे राहता राहता दुरुस्त करा. सी-३ म्हणजे किरकोळ डागडुजी. आमच्या मालकांनी एक इंजिनियर आणला. त्याने हातोडीने टकटक करून सांगितले, "सी-१." भाडेकरूंनी दुसरा आणला. त्यानेही तीच हातोडी, तीच टकटक करून सांगितले, "सी-२बी." एकच तुळई, सोमवारी मरणपंथाला लागलेली आणि गुरुवारी ठणठणीत! हे असे इतक्यांदा होते की परस्परविरोधी अहवालांचा निवाडा करायला पालिकेला तांत्रिक सल्लागार समिती नेमावी लागली आहे. आता विचार करा. आमच्या बँकेत तपासनीस येतो तो वरून येतो, न सांगता येतो आणि त्याची फी शाखा देत नाही. शाखेला आपला तपासनीस आपणच निवडायची मुभा दिली असती, तर आज एकाही तिजोरीत पैसा सापडला नसता.

तुम्ही म्हणाल, मालक चाळ दुरुस्त का करत नाही? मालकाची बाजू मांडणे हे भाडेकरूला पाप आहे. पण हिशेबाला पाप लागत नाही. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने जुन्या जागांचे प्रमाण भाडे १ सप्टेंबर १९४० रोजी जे होते तिथे खुंटीला टांगले. तेव्हा ते योग्यच होते. युद्ध नुकतेच संपलेले, फाळणीची माणसे येत होती. गरिबाच्या डोक्यावरचे छप्पर कोणी ओढून नेऊ नये म्हणून कायदा आला. पण खुंटीवरचा कोट कोणी काढलाच नाही. १९९७ साली सर्वोच्च न्यायालयानेसुद्धा सांगितले की हे गोठलेले भाडे आता वाजवी राहिलेले नाही. मग नवा कायदा आला आणि २००० सालापासून वर्षाला चार टक्के वाढ मिळाली. माझे भाडे तेव्हा ४० रुपये होते. त्याला पंचवीस वर्षे चार टक्के चक्रवाढ लावली की १०६ रुपये ६३ पैसे होतात. कर वगळता, चोवीस बिऱ्हाडांचे महिन्याला साडेपंचवीसशे. एवढ्या पैशात सागवानी तुळई बदलायची म्हणजे ती काडेपेटीची बदलावी लागेल.

आणि हेच १०६ रुपये भरणारे आम्ही, खोली दुसऱ्याला देताना पागडी मात्र लाखांत मोजून घेतो. त्यातला आपला हिस्सा मालक खिशात घालतो. त्या दिवशी मालक-भाडेकरू गळ्यात गळे घालून चहा पितात. त्या लाखांतला एक रुपयाही तुळईकडे जात नाही. म्हणून मला राग मालकाचा येतो, त्याहून अधिक आरशातल्या गृहस्थाचा येतो.

सरकारने काहीच केले नाही असेही नाही. १९६९ साली कायदा करून जुन्या इमारतींवर दुरुस्तीचा उपकर बसवला आणि १९७१ पासून दुरुस्ती मंडळ कामाला लागले. त्या वेळी मोजलेल्या इमारती १९,६४२ होत्या. सगळ्यांना ठिगळे लावायची म्हणजे शिंप्याचे आयुष्य पुरायचे नाही. आता दर वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर म्हाडा अतिधोकादायक इमारतींची यादी जाहीर करते. आमच्या चाळीत ती दहावीच्या निकालासारखी पाहतात. नाव नसले की हुश्श करतात. पडायची ती चाळ यादी वाचून पडते, असा एक गोड समज आहे.

मग नोटीस आल्यावर आम्ही निघत का नाही? याचे उत्तर एका शब्दात आहे : संक्रमण शिबिर. सूर्याचे मकर राशीत संक्रमण एका दिवसात आटोपते, तिळगूळ वाटून माणसे मोकळी होतात. मुंबईत संक्रमण शिबिरात गेलेल्या काही कुटुंबांचे संक्रमण तीस-तीस, चाळीस-चाळीस वर्षे चालले आहे. तिथे जन्मलेल्या मुलांची लग्ने झाली. आमच्या आजींना म्हटले, "आजी, चाळ धोक्याची आहे, निघायला पाहिजे." त्या म्हणाल्या, "अरे, इथे पडेल तेव्हा पडेल. तिकडे गेले तर परत येणार नाही, हे मात्र नक्की." आजी अडाणी नाहीत. त्या दोन धोक्यांचे व्याज मोजतात आणि कमी वाटते ते घेतात. 'रिकामी करा' एवढेच लिहिलेली नोटीस अर्धी नोटीस असते. 'कुठे जा' आणि 'केव्हा या' हे तिच्यात लिहिलेलेच नसते.

इथवर मी तुम्हाला हसवायचा प्रयत्न केला. आता थोडे न हसता ऐका.

२७ सप्टेंबर २०१३ च्या सकाळी माझगावला बाबू गेनू मंडईची इमारत कोसळली. ६१ माणसे गेली. ती पागडीची चाळ नव्हती. तिचा मालक कंजूष शेटजी नव्हता. ती महापालिकेची स्वतःची इमारत होती, राहणारी माणसे पालिकेचेच कर्मचारी आणि त्यांची कुटुंबे होती. म्हणजे नोटीस देणारा, दुरुस्ती करणारा आणि मालक हे तिघे एकच होते. तरी ती पडली. ३१ ऑगस्ट २०१७ ला भेंडीबाजारात हुसैनी इमारत पडली, ३३ जण दगावले. ती धोकादायक असल्याचे आधीच जाहीर झालेले होते. १६ जुलै २०१९ ला डोंगरीत केसरबाई इमारतीचा भाग पडला, डझनावर माणसे गेली; आणि ढिगारा उपसला जात असतानाच ती इमारत म्हाडाच्या अखत्यारीतली की पालिकेच्या, याचा वाद सुरू झाला. माणूस मेल्यावर त्याच्या वारसांत भांडण लागते हे आम्ही बँकेत रोज पाहतो. वारसा नको म्हणून भांडणारे तेवढे पहिल्यांदा पाहिले.

आमच्या बँकेत संध्याकाळी रोकड मोजताना दहा रुपयांचा फरक आला तर दिवस बंद होत नाही. पाच बावन्नची लोकल जाते, सहा वीसची जाते. कॅशियर घामाघूम होतो, पण ते दहा रुपये कोणत्या व्हाउचरात अडकले हे सापडल्याशिवाय कोणी उठत नाही. आणि या शहरात ६१ माणसांचा ताळा लागत नाही, तरी सगळी खाती वेळेवर बंद होऊन घरी जातात.

गेल्या पावसाळ्यात एका रविवारी सकाळी आमच्या चाळीचा रस्त्याकडचा छज्जा पडला. पाटाएवढाले दोन तुकडे. खाली कोणी नव्हते. आम्ही सगळे गॅलरीत जमलो आणि 'देवाने वाचवले' म्हणून नारळ फोडायचे ठरले. तेवढ्यात मुलगा म्हणाला, "बाबा, तिथेच आमची शाळेची बस थांबते." इतर दिवशी त्या वेळी त्या छज्जाखाली पावसातून आडोसा म्हणून सात-आठ पोरे उभी असतात. त्यांत माझे एक. बाकीची समोरच्या, शेजारच्या गल्लीतली. त्या पोरांनी पागडी घेतली नव्हती, भाडे थकवले नव्हते, लाद्यांवर लाद्या घातल्या नव्हत्या, की कोर्टातून स्टे आणला नव्हता. त्यांच्या वाट्याला आमच्या भांडणातला फक्त छज्जा येणार होता. त्यांना देवाने वाचवले नाही, रविवारने वाचवले.

आमच्या काउंटरवर येणाऱ्या एका वकिलांना मी विचारले, याला कायद्यात काही म्हणतात का? ते म्हणाले, "अहो, सार्वजनिक उपद्रवच म्हणतात!" जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम १३३ होते, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेत तेच १५२ आहे. एखादी इमारत पडून आजूबाजूच्यांना किंवा येणाऱ्या-जाणाऱ्यांना इजा होण्याचा संभव असेल, तर दंडाधिकारी ती पाडण्याचा, दुरुस्त करण्याचा किंवा तिला आधार देण्याचा हुकूम देऊ शकतो. म्हणजे टेकूसुद्धा कायद्यात बसतो! पैसे नाहीत, ही सबब चालते का, असे मी विचारले. ते म्हणाले, १९८० साली रतलामच्या गटारांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने याच कलमाखाली नगरपालिकेला सांगितले की तिजोरी रिकामी आहे म्हणून कर्तव्यातून सुटका होत नाही. मी म्हटले, मग आमच्याकडे कोणी हे कलम का लावत नाही? ते हसले. "कारण साहेब, उपद्रव म्हटला की लोकांना कबुतरे आठवतात."

म्हणून माझे म्हणणे अगदी कारकुनी आहे. पहिले, प्रत्येक इमारतीचे एक पासबुक असावे आणि त्यात दर महिन्याला घसाऱ्याएवढी रक्कम पडावी, भाडेकरूच्या खिशातून आणि मालकाच्याही. ज्याला परवडत नाही त्याला सरकारने नाव लिहून मदत द्यावी. गरिबाला मदत करायचे काम कुजलेल्या तुळईवर का सोपवता? दुसरे, तपासणारा मालकाने आणू नये आणि भाडेकरूनेही आणू नये. तो तिसऱ्यानेच पाठवावा. तिसरे, 'रिकामी करा' या नोटिशीवरच 'कुठे जा, केव्हा परत या, किती जागा मिळेल' हे तीन रकाने भरलेले असावेत. रकाना रिकामा असेल तर आमच्याकडे चेक परत जातो. आणि चौथे, तिच्याखाली एका माणसाची वाचता येईल अशी सही असावी आणि इमारतीचा निकाल लागेपर्यंत त्याचा दिवस बंद होऊ नये.

लिफ्टच्या सोसायटीत राहून हे वाचणाऱ्यांनी फार खुशीत हसू नये. माझगावची ती इमारत शंभरीची नव्हती, तिशीतलीच होती. समुद्राच्या खाऱ्या हवेत सिमेंटच्या आतली लोखंडी सळई गंजते, गंजली की फुगते आणि फुगली की आतून काँक्रीट फोडते. तुमच्या पार्किंगच्या खांबावर उभी चीर पडली असेल, तर तिच्यावर नुसता रंग मारू नका. आम्हीही रंगच मारत होतो.

गेल्या रविवारच्या सभेत मी ठराव मांडला : 'सार्वजनिक उपद्रव' या सदराखाली कबुतरांचे नाव काढून चाळीचे घालावे, दर बिऱ्हाडाने महिना हजार रुपये तुळईच्या खात्यात भरावेत आणि टाक्या खाली उतरवाव्यात. सभा इतकी शांत झाली की वाळवीचा आवाज ऐकू आला. मग अध्यक्ष म्हणाले, "ठराव चांगला आहे. सुरुवात कोणी करायची?" मी बायकोकडे पाहिले. तिने टेकूकडे पाहिले.

परवा आम्ही टाकी उतरवली. आता पहाटे साडेचारला उठून मी बादल्या भरतो आणि तबल्याच्या रियाजाबद्दल माझी तक्रार उरलेली नाही. सौभाग्यवतींनी टेकूवरची दोरीही सोडली, म्हणाल्या, "त्याला घरचा म्हणायचं बंद करू या आता." इतिवृत्तात अजून काही नोंद नाही. पण हिशेब स्पष्ट आहे : तीन हत्तींपैकी एका हत्तीचा आठवा हिस्सा खाली आला आहे. उरलेल्या तेवीस बिऱ्हाडांची मी वाट पाहतो आहे, आणि मुलाला बससाठी रस्त्याच्या पलीकडे उभा करतो आहे.